ताईची गाठ आणि माझं प्रथिन

ताईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा तिच्या सासरी सगळ्यात आधी तिचं मासे विकणं बंद झालं. भाऊजी तलावात जाळं टाकायचे आणि ताई आरमोरीच्या बाजारात पावशीच्या पात्यावर मासे चिरून विकायची. सासू म्हणाली, आता हिच्या हातचा मासा कोणी घेणार नाही. गावातल्या, अंगारा देणाऱ्या एका जाणत्यानं सांगितलं होतं की ताईच्या हातून पाप घडलंय, तेच गाठ होऊन बाहेर आलं. हे सगळं ताईनं मला फोनवर सांगितलं आणि मग हळूच विचारलं, "माझ्या हातून काई झालं असन का वं?"

त्या प्रश्नानं मी पेटले. मी चंद्रपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं प्रयोगशाळेत मी हेच पाहत होते, की पेशी वाढायची थांबते कशी. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आरमोरीची बस धरली.

ओसरीवर सासू, भाऊजी आणि शेजारची एक बाई बसली होती. ताई आत, दाराआड. मी तिला बाहेर आणून माझ्याजवळ बसवलं.

"बाई," मी तिच्या सासूला म्हणाले, "त्या जाणत्याले पाप कुठी दिसलं? मी काय पाह्यलं, ते सांगते."

पेशीला एकाच्या दोन व्हायचं असलं की तिच्यात एक प्रथिन वाढतं आणि तिला पुढं ढकलतं. काम झालं की ते नष्ट व्हावं लागतं, नाहीतर पेशी थांबत नाही. दुसरं एक प्रथिन त्याला पकडतं, त्याच्यावर खूण चिकटवली जाते, आणि खूण लागलेल्याचे पेशीतच तुकडे होतात. हे पकडणारं प्रथिन शाबूत असलं, तर गाठीला आवर बसतो. प्रयोगशाळेतल्या पेशींत मी औषधानं नवीन प्रथिन बनणं बंद करायची आणि जुनं किती टिकतं ते पाहायची. जितकं प्रथिन उरलेलं, तितकी काळी पट्टी फिल्मवर उमटायची; चांगल्या पेशींत ती फिकट होत जायची. पकडणारं बिघडलेलं असलं, की पट्टी तशीच काळीकुट्ट राहायची. ती न पुसलेली पट्टी पहिल्यांदा दिसली तेव्हा, पेशी का थांबत नाही ते डोळ्यांनी पाहिल्याचा मला केवढा आनंद झाला होता.

"त्या पेशी काचेच्या बशीत होत्या," मी म्हणाले. "त्याईनं कोनतं पाप केलं असन?"

शेजारची बाई हसली. सासू हसली नाही. "मंग हिच्यात तेच बिघडलं काय?"

"मले माहीत नाई. बिघडनारी प्रथिनं पुष्कळ हायेत. हिच्या गाठीत कोनतं, ते रिपोर्टात नाई."

"म्हंजे तुले माहीत नाई. त्याले माहीत हाये."

"न पाहता ज्याले सगळं माहीत हाये, त्याच्या भरवशावर मी बहिणीले सोडत नाई. मी तिले नागपूरले नेऊन राह्यली."

भाऊजी उठले, ताईची पिशवी आणून माझ्यापाशी ठेवली. "मी बी येतो," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं. ताईचे केस गेले, तोंड आलं, पाणीसुद्धा गिळवेना. एकदा तिनं विचारलं, "हे औषध त्या बिघडलेल्याले दुरुस्त करते काय?"

"नाई. ज्या पेशी थांबत नाईत, त्याइले मारते. थोड्या चांगल्याही मरतात."

"मंग मारू दे," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

बरी झाल्यावर सासूनं अडवलं तरी ती बाजारात बसली. ओळखीच्या बायका पुढच्या टोपलीकडे वळल्या. एकीनं कानाशी येऊन तब्येत विचारली. ताई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "कॅन्सर झाला होता. पाप नाई केलं. मासा घेता काय?" त्या बाईनं घेतला. बाकीच्यांना वेळ लागला, काही अजून येत नाहीत. सासू अजून त्या जाणत्याकडे जाते. ताई सोबत जात नाही.

तपासणीला मात्र जावं लागतं. गाठ परत येणार नाही, असं मी तिला कधीच म्हटलेलं नाही. मागच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर एटापल्लीकडची एक म्हातारी तोंडावर पदर ओढून बसली होती. ताई तिच्याजवळ सरकली.

"तोंड काऊन झाकून राह्यल्या, बाई? आपन कोनाची चोरी नाई केली."