शिवून जेवणाऱ्या मुंग्या

ब्याण्णव सालच्या आखितीला, भर दुपारी, जतच्या अलीकडच्या एका गावात मातंगवस्तीचं पाणी वरच्या आळीनं हिरावलं. पितरांच्या नावानं भरली घागर दान करायच्या सणाला!

बाई तिथंच होत्या. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. टेबलावर गुळाचा खडा ठेवायच्या आणि मुंग्या येईपर्यंत गप्प. मग म्हणायच्या, "पोट बघा, तोंड नको." मुंगी मुंगीला मिशांनी चाचपते, भुकेली निघाली की आपल्या पोटातलं तिला भरवते.

त्या दुष्काळात आम्ही पोरं वस्तीसाठी पाणी मागणारी पत्रकं घेऊन टँकरमागं धावत होतो. "ओरडेल त्याच्या दारात टँकर जातो, म्हणून तुम्हीही ओरडता. अक्कल कुठाय?" बाईंनी मला सुनावलं. गावानंही मान्य केलेला त्यांचा नियम सोपा. पिंपं रिकामी झाली की वस्तीनं लिंबावर तांबडं फडकं बांधायचं. फडकं तिथं टँकर आधी.

झालं! वरच्या आळीचं फडकं काही उतरेना.

"मुंगी पोटाचं खोटं सांगत नाही. माणूस सांगतो, हे मी धरलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. मग ठरलं, एका वस्तीच्या बायांनी दुसऱ्या वस्तीची पिंपं हात लावून बघायची.

मातंगवस्तीतली पारूमावशी दचकली. "आवं बाई, त्यांच्या पिंपाला आमी हात लावायचा व्हय?"

"मुंग्या शिवल्याशिवाय जेवत नाहीत, मावशी."

आखितीला मावशी गेली. आळी दारात उभी. तिनं एकेका पिंपावर टिचकी मारली. बद्द आवाज. सगळी भरलेली.

"बाटलं!" कुणीतरी ओरडलं आणि पिंप तिच्या पायाशी आडवं केलं. मग दुसरं. मग सगळीच. पाणी धुरळ्यात जिरतंय तोवर टँकर आला.

"आता रिकामी हायती न्हवं?" आळीचा म्होरक्या हसला. "घाला पानी. नियम तुमचाच हाय, बाई."

ड्रायव्हरनं पाइप सोडला. मातंगवस्तीची पिंपं कोरडीच राहिली.

संध्याकाळी लिंबाखाली उभं राहून त्यांनी नियमाला शेवटची जोड दिली: "शिवलं म्हणून ज्यानं ओतलं, त्याची पाळी गेली." एवढ्या वाक्यावर आळीची तक्रार वरपर्यंत पोचली. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं बाईंना बदलीवर वाईला धाडलं. तिथंच त्या वारल्या.

त्यांच्या विश्रामबागेतल्या टेबलावर गुळाचा डाग अजून आहे. मुंग्या येतात, एकमेकींना शिवतात, जातात.

हळहळू नका. तुमच्या दारातही पिंप आहे. खालच्या वस्तीतल्या बाईला बोलवा, तिचा हात त्यात बुडू द्या, आणि तिच्यादेखत तेच पाणी प्या.