कावळ्याचा कौल

पुण्याला विद्यापीठात मी आशियाई संस्कृती आणि समाज हा विषय घेतला होता. आमच्या गावात, वडनेर भोलजीत, तो समजावून सांगणं म्हणजे नुसती डोकेफोड. काका तर 'आशिया'चं 'आशा' करून मोकळे झाले. "आशाताई व्हाले पुण्याले काऊन जा लागते वं?" असं चारचौघांत विचारायचे. बाबा हसून विषय बदलायचे. माझ्या बाजूचे घरात उघडपणे तेवढेच.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबा गेले. फवारणीची कटकट नको म्हणून सगळ्यांनी बीटी कपाशी लावलेली. गुलाबी बोंडअळीनं तिलाही सोडलं नाही. मग पाठीवर पंप आणि दिवसभर फवारणी. बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, चक्कर येऊन पडले, ते खामगावच्या दवाखान्यातून परत आलेच नाहीत. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

दहाव्याला काकांनी नदीवर पिंड ठेवला. मयताची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द दिला की कावळा शिवतो. फवारणीनं शिवारात कावळेच उरले नाहीत, असं मागून कुणीतरी म्हणालं. निंबावर एकच बसला होता. वर्गात आमचे तेव्हा जपान, कोरियातले पितरांचे विधी चालले होते. परीक्षेत आला असता तर या कावळ्यावर मी पानंच्या पानं लिहिली असती. तिथं मात्र हात जोडून मनात म्हणत होते, बाबा, मी शिकणार. कावळा हलला नाही.

काका वैतागून मोठ्यानं म्हणाले, "पोरीचं शिक्षण बंद करतो, औंदा लगन लावून देतो. मंग तं झालं?"

कावळा खाली उतरला आणि त्यानं चोच मारली. बाबांनीच नाही म्हटल्यासारखं वाटलं.

"त्याचीच इच्छा व्हती," काकांनी घरी येऊन आईला सांगितलं. काका गेल्यावर ती मला परसात घेऊन गेली.

"कावळ्याले भूक लागली व्हती," ती म्हणाली. "तू पुण्याले जाय. मी पाहून घेतो."

मला हायसं वाटलं. पण बोलताना तिची नजर न्हाणीच्या टिनाच्या छपरावर होती. तिथं तिनं कावळ्यासाठी दुसरं पान वाढून ठेवलं होतं, बाबांच्या आवडीचं, भरीत आणि कळण्याची भाकर. "पोरीले शिकवतो मी," ती त्या पानाकडे बघून पुटपुटत होती, "या ना."

दिवस कलला तरी पान तसंच होतं.