आक्काचा खान

आक्का कुणाला शिव्या देत नसे. कुणी दुखावलं तर ती त्याला खानाच्या फौजेत घालायची.

आमचं घर चाकणच्या कुंभारवाड्यातलं, किल्ल्याच्या पडक्या तटापासून हाकेच्या अंतरावर. आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी सून म्हणून या घरात आले. वर्षभर घरात मडकी, रांजण आणि चुली व्हायच्या. दसरा झाला की मात्र आक्का चाकाकडे पाठ फिरवायची आणि दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं करायला बसायची. मातीच्या त्या वीतभर माणसांना आमच्याकडे चित्रं म्हणतात. इतर कुंभार सिंहासनावरचे महाराज करत, भालदार करत, वाघ करत, डोक्यावर घागर घेतलेली बाई करत. आक्का फक्त चाकणचा वेढा करायची, मोगलांच्या खानाने महाराजांच्या या किल्ल्याला घातलेला, आणि त्यातही तिचा जीव खानाच्या फौजेत.

"मावळं कुनीबी करतंय," ती म्हणे. "खानाचा मानूस करायला राग लागतो."

राग तिच्याकडे भरपूर होता आणि तो ती वाया घालवत नसे. ज्वारीत खडे मिसळणारा वाणी एका दिवाळीत फौजेपुढे नगारा बडवताना दिसला, तेच पुढे आलेले दात आणि तीच चोरटी मान. तलाठ्याने एकदा तिला चावडीत उभं ठेवून चहा पिऊन दाखवला होता. त्याच्या पाठीवर तिने पाण्याची पखाल दिली आणि त्याला असा वाकवला की बघणाऱ्याची कंबर दुखावी. माझ्या सासूबाई एकदा आक्काला "बसून खाता" असं बोलून गेल्या. आक्काने सासूबाईंचं तोंड घेतलं नाही, फक्त चाल घेतली आणि ती उंटाला दिली. अख्ख्या आळीने उंट ओळखला. मी पहिल्याच वर्षी तिचा घोड्याचा साचा फोडला, म्हणून माझी रवानगी खानाच्या भटारखान्यात झाली. गाल फुगवून चूल फुंकणारी मी. आधी रडले, मग कुणी नसताना पुन्हा पुन्हा जाऊन पाहून आले. खोटं कशाला बोलू, हुबेहूब होते.

फौजेतून सुटका नसे. तलाठी नारळ घेऊन आला, हात जोडले, म्हणाला, "आक्का, पोरं मला पखाल म्हणत्यात. काढा मला तिथनं."

"भाजलेली माती पुन्हा भिजत न्हाई," आक्का म्हणाली. नारळ तिने ठेवून घेतला.

हे वाक्य तिच्या तोंडात कायमचं होतं. कुणी दोन भाऊ समेट करून आले, कुणी सासूच्या पाया पडून आली, की आक्का मान हलवून तेच म्हणायची. मला सुरुवातीला तिची भीती वाटे. नंतर लक्षात आलं की राग इतका नीट सांभाळून ठेवणारी माणसं फार थोडी असतात. बाकीचे आपण नुसते चिडतो आणि विसरतो.

वेढ्यात महाराज नसत. आळीतली पोरं दरवर्षी यावरून भांडत. किल्ला म्हटल्यावर वर महाराज पाहिजेतच.

"महाराज तवा पन्हाळ्याकडं अडकलं व्हतं," आक्का सांगायची. "हितं कुनी येनार नव्हतं. किल्लेदाराला ते ठावं व्हतं, तरी त्यानं दोन महिनं दार उघडलं न्हाई."

तो किल्लेदार मात्र तिने एकदाच केला होता. दरसाल तोच पेटीतून निघे. बुरुजावर उभा, हात कपाळाशी, वाटेकडे बघणारा. त्याच्या मिशीखालचे ओठ आणि तो बसका नाकाचा शेंडा मी रोज चुलीपुढे आक्काच्या तोंडावर बघत होते.

आणि खानाचा तंबू रिकामा असे. जुन्या लाल लुगड्याचा तंबू, आत गादी, लोड, हुक्का. गादीवर कुणी नाही. येणारेजाणारे विचारत, "आक्का, खान कुठं गेला?" ती म्हणे, "येईल, येईल."

त्यामागची हकिगत मला सासूबाईंनी सांगितली. आक्काचं सासर चिंचवडकडचं, घर कुंभाराचंच. लग्नाला तीन वर्षं होऊन मूल झालं नव्हतं. नवऱ्याने तिला दिवाळीला माहेरी आणून सोडलं, बैलगाडीतून स्वतः उतरवलं आणि सांगितलं, भाऊबीज झाली की न्यायला येतो. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं. आक्का रोज केस विंचरून, बोचकं बांधून ओट्यावर बसायची. माघात कळलं की त्याने दुसरी केली. निरोप नाही, चिठ्ठी नाही, एक माणूस नाही. माणसाने भांडावं, मारावं, तोंडावर सांगून टाकावं. पण ओट्यावर बसवून ठेवावं? मला तर हे ऐकून त्या अनोळखी माणसाच्या छाताडावर बसावंसं वाटलं. माझ्या सासऱ्यांनी तेव्हा जाऊन त्याची गचांडी धरायला हवी होती. ते गेले नाहीत. "जाऊ द्या" हे आमच्या घरातल्या पुरुषांचं आवडतं वाक्य.

खान आक्का दरवर्षी करत होती, हे मला माझ्या पहिल्याच दिवाळीला कळलं. आवा, म्हणजे आमची भाजायची भट्टी, रचायचा दिवस होता. आक्काने पदराखालून एक बैठं चित्र काढलं. एक गुडघा वर, हात मिशीवर, डाव्या भुवईला मधोमध खाच. हातात घेतलं तर चांगलंच जड. मी कुंभाराचीच लेक. मला चटकन कळलं.

"आक्का, पोट कोरायचं राहिलं याचं," मी म्हटलं. एवढं जाड चित्र आतून पोकळ केलं नाही तर आत ओल राहते आणि आव्यात ते फुटतं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

तिने तो खान एका चिरक्या मडक्यात ठेवला, त्याच्या ठिकऱ्या उडून फौजेला लागू नयेत म्हणून, आणि मडकं आव्याच्या कडेला लावलं. शेणी पेटल्या. आम्ही सगळ्या जेवायला बसलो. आक्का घास हातात धरून कान देऊन बसली होती. बऱ्याच वेळाने आव्यातून आवाज आला, फट्! आक्काने घास तोंडात घातला, नीट चावला आणि सासूबाईंना म्हणाली, "आनखी अर्धी वाढ." एरवी ती एका भाकरीवर उठायची.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मला विचाराल तर माझ्या माहितीतला तो सर्वांत सोज्वळ सूड होता. कुणाला दगड लागला नाही, कुणाचं घर जळलं नाही. वर्षातून एकदा एक माणूस फुटायचा.

त्या सुमाराला पिंपरीकडे कारखाने उभे राहायला लागले होते. एका कंपनीचे साहेब, मराठी माणूस, रविवारी किल्ला बघायला चाकणला आले. तट बघून झाल्यावर आमच्या अंगणातला वेढा बघत ते उन्हात कितीतरी वेळ उकिडवे बसले. मग म्हणाले, "बाई, हा सगळाच्या सगळा कराल का? आमच्या कॉलनीच्या मैदानावर, दिवाळीला. जागा हवी तेवढी घ्या."

आक्का उठून आत गेली. मला वाटलं, नाही म्हणते. ती मडक्यांमागून एक फळी घेऊन आली. फळीवर कोळशाने काढलेला पुरा किल्ला होता. चारी बाजूंची फौज, भोवतीचा पाण्याचा खंदक, जमीन कापून दाखवलेलं सुरुंगाचं भुयार, आणि हवेत उडालेला बुरुज. "ह्ये दगूड काळ्या दोऱ्यानं टांगायचं," ती साहेबांना समजावू लागली, "म्हंजी उडतानाच दिसत्याल." अंगणात तिला नेहमी एकच बाजू करता येई. सगळा वेढा एकदा मांडून बघायचा हे तिने किती काळ मनात धरलं होतं, ते त्या दिवशी आम्हाला कळलं.

"पण खान पाहिजे बरं का," साहेब हसून म्हणाले. "तंबू रिकामा नको. आमचा विटांचा मुकादम तुमच्यातलाच आहे, चिंचवडकडचा. त्याच्याकडून विटा देतो उंचवट्याला." आणि त्यांनी नाव घेतलं.

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. आक्का शांतपणे म्हणाली, "खान असंल."

त्या वर्षी तिने खानाचं पोट कोरलं. तोंडाचा साचा तोच, पण एवढ्या निगुतीने तिने दुसरं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. आवा लागला तेव्हा घरात सगळ्यांचे घास हातातच राहिले. फट् झालं नाही. राखेतून खान तांबडा, तगडा, अख्खा निघाला. आक्का म्हणाली, "आता बघू दे त्याला त्याच्या मानसांनी." आम्हा दोघींचं ठरलं होतं की त्याच्याच मजुरांपुढे, त्याच्या दुसऱ्या बायकोपुढे त्याला खान करून बसवायचा आणि मग सगळ्यांदेखत सांगायचं, कुणी केला आणि का केला. बोलायचं आक्काने, आणि तिचा आवाज अडला तर मी. मी तर घरी चूल सारवताना वाक्यं पाठ करत होते.

कॉलनीत वेढा मांडला तेव्हा शिफ्ट सुटल्यावर लोक थव्याने आले. टांगलेला बुरुज बघून माणसं खाली वाकून दोरे शोधत होती. आणि तंबूपाशी हशा सुरू झाला. "आरं, ह्यो तर मुकादम! ती भुवई बघ की!" कुणीतरी पळत जाऊन त्याला घेऊन आलं. तो आला, मागून बायको, तिच्या कडेवर नातू. मी आक्काच्या शेजारी उभी होते. माझी वाक्यं जिभेवर होती.

त्याने खान पाहिला आणि तो खूश झाला. लाजला नाही, चपापला नाही. मिशीवर हात फिरवून चक्क फुगला. "मीच की राव!" म्हणाला. बायकोला म्हणाला, "बघ, तुझा नवरा खान झाला." मग चित्र उचललं, हातात तोललं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. कुंभारच तो. "पोट झ्याक कोरलंय. कुनी केलं?"

लोकांनी आक्काकडे बोट दाखवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. समोरासमोर, दोन हातांवरून, चांगलं पाहिलं.

"तुमी व्हय बाई? कुठल्या तुमी? हात चांगला हाय तुमचा. आमच्या भट्टीवर या, गनपती करा, खाऊनपिऊन ठेवतो."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. सोंग नव्हतं ते. सोंग असतं तर मला आनंद झाला असता. ज्याच्या भुवईची खाच इतकी वर्षं तिच्या बोटांत होती, त्याच्या डोक्यात तिचं नाकसुद्धा उरलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आक्काने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"खानानंबी किल्लेदाराला चाकरी देऊ केलती," ती म्हणाली. "किल्लेदारानं घेतली न्हाई."

"बाई बोलतीया ब्येस!" असं म्हणून हसत तो निघून गेला. त्याच्या बायकोने मात्र जाताना दोनदा मागे वळून आक्काकडे पाहिलं.

परतताना ट्रकच्या हौद्यात मी रागाने रडत होते. "सांगायचं होतं, आक्का! तोंडावर सांगायचं होतं!"

"काय सांगू? मी कोन हाय, ते?" ती म्हणाली. "आपली वळख आपनच द्यायची, आन् मग सूड घ्यायचा? भीक मागितल्यावानी हाय ते."

पुढच्या दिवाळीला तिने खान केला नाही. वेढाही केला नाही. घागरवाल्या बाया केल्या, वाघ केले, आणि पोरांनी मागितले म्हणून सिंहासनावरचे महाराजही केले. खानाच्या तोंडाचा साचा माझ्या हातात देऊन म्हणाली, "माती आनाया भामेवर जाशील तवा सोड पान्यात. ज्याला मी ठावी न्हाई, त्याला फोडून काय करू?" तिचा आवाज अगदी साधा होता. त्या माणसाने तिला दोनदा टाकलं होतं, आणि दुसऱ्यांदा तिचा रागही काढून घेतला होता.

मी नदीवर गेले, पाटी भरून माती आणली, आणि मातीखाली साचा तसाच परत आणला.

आक्का त्यानंतर काही वर्षांनी साध्या तापाने गेली. शेवटपर्यंत तिने त्याचं नाव काढलं नाही. तिचं मन मोठं झालं असं सासूबाई सगळ्यांना सांगत. झालं असेल. माझं झालेलं नाही, आणि व्हावं अशी माझी इच्छाही नाही. तो मुकादमही केव्हाच मेला. मेला म्हणून काय झालं?

आता चाकणला शेणी मिळणं मुश्किल. जिथे म्हशी चरत तिथे कंपन्यांच्या भिंती आल्या, आळीत चाकही कुणाचं फिरत नाही. तरी दिवाळीच्या आधी मी कुठून तरी पाटीभर शेणी आणवते आणि परसात छोटासा आवा लावते. किल्लेदार पेटीतून काढून समोर ठेवते. त्याने बघावं म्हणून. यंदा नवी सून पाहत होती. बैठा खान हातात घेऊन म्हणाली, "आई, जड लागतोय हा. पोकळ करायचा राहिला का?"

"राहू दे," मी म्हटलं.

आम्ही जेवायला बसलो. मी घास हातात धरून ठेवला. परसातून फट् असा आवाज आला, तशी मी सुनेला म्हटलं, आणखी अर्धी वाढ.