कुंपणातली फट

माझा मोठा मामा लोकांच्या घराभोवतीच्या बागा आखून देतो. झाडं लावणारे माळी वेगळे, फरश्या बसवणारे गवंडी वेगळे. कुठे काय असावं आणि मुख्य म्हणजे कुठे काय नसावं, हे ठरवतो मामा. गिऱ्हाइकं त्याला "बागवाले" म्हणतात. आम्ही भाचरं म्हणतो फक्कीमामा.

फक्की म्हणजे मैदानावर खेळाच्या रेघा मारतात ती पांढरी चुन्याची पूड. नवीन घर बघायला गेला की मामा कागद-पेन्सिल काढत नाही, फक्कीचा डबा काढतो. वाटा, वाफे, बसायची जागा, सगळं मातीवर पांढरं आखतो आणि हात झटकून म्हणतो, "झालं. आता आठवडाभर राहा यात."

"राहा म्हणजे काय करायचं?"

"नेहमी करता तेच. कपडे वाळत घाला, फोनवर बोला, भांडा. मी येतो परत."

परत येऊन तो फक्त रेघा बघतो. जिथे फक्की पुसली गेलीय तिथून घरची माणसं खरोखर चालतात, मग वाट तिथेच. जिथे ती जशीच्या तशी पांढरीशुभ्र, तिथे कुणी फिरकत नाही, मग तोंडाने ती काहीही म्हणोत. आणि तोंडाने लोक काय काय म्हणतात! एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांचं सगळं घशाच्या तळातून आणि सावकाश. "मला, अर्थातच, त्या कोपऱ्यात वाचायला आवडेल. अर्थातच, एकांत हवा." आठवड्याने मामा गेला तर एकांताच्या कोपऱ्यातल्या फक्कीवर मुंगीसुद्धा चाललेली नाही, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मात्र रेघ साफ. साहेब दिवसभर तिथे उभे राहून बायकोशी गप्पा मारायचे. मामाने बाक मागच्या दारात टाकला. साहेब महिनाभर रुसले, मग अर्थातच तिथेच बसायला लागले.

दुसऱ्या एक बाई होत्या, नाकातून बोलणाऱ्या. "झोपाळा हवाच हं! झोपाळ्याशिवाय बाग कशी ओकीओकी वाटते, नाही?" त्या झोपाळ्याच्या जागी आठवडाभर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मामा म्हणाला, "बाई, तुम्हाला झोपाळा नकोय, झोपाळ्यावरचा फोटो हवाय. एक भाड्याने आणून काढून घ्या." बाईंनी दुसरा बागवाला बघितला.

मामा पहारा मात्र कधी ठेवत नाही. कोण चाललं, कधी चाललं, हे लपूनछपून बघायचं नाही, कुणाला विचारायचंही नाही. म्हणतो, "बघतंय कुणी असं कळलं की माणूस चालायचं विसरतो. रेघ सांगते तेवढं पुरे."

त्याच्या स्वतःच्या घराची गोष्ट अशी की आजोबांनी घर बांधतानाच दोन मुलांचे दोन भाग केले होते. दोन पुढची दारं, दोन मागची दारं, भोवती एकच अंगण. एका भागात मोठा मामा, दुसऱ्यात धाकटा. धाकट्याला अख्खं घर छोट्या म्हणतं. हा छोट्या इतका उंच की दारातून जाताना मान खाली घालतो, आणि मोठा मामा त्याच्या खांद्याला लागतो. दोघं रस्त्याने निघाले की मोठा निम्मा पळत असायचा. "अरे छोट्या, हळू! मला काय चाकं आहेत?" हे मी लहानपणापासून ऐकलेलं वाक्य.

आजी गेल्यापासून ते ऐकू यायचं बंद झालं.

आजी बरेच महिने आजारी होती. मोठा मामा म्हणायचा, तिला घरीच राहू दे, खिडकीतून तिची झाडं दिसतात, तेवढाच जीव रमतो. धाकटा म्हणायचा, हॉस्पिटलमध्ये हलवू. आज नको, उद्या बघू, असं करता करता एका दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हलवलं असतं तरी फरक पडला नसता. धाकट्याने ते ऐकून घेतलंच नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "तू तिला झाडं दाखवत बसलास, दादा."

हे तो दादाशी बोललेलं शेवटचं वाक्य. त्यानंतर जे काही बोलायचं ते माझ्या आईमार्फत. आई दोघांच्या मधली बहीण, राहते दोन गल्ल्या सोडून. एकदा आईच्याच घरी तिघं बसले होते.

"ताई, दादाला सांग, अंगणात मधोमध भिंत घालतोय मी."

"अगं, त्याला सांग, भिंतीने दोन्हीकडचं ऊन जाईल. झाडांचं कुंपण करू म्हणावं. लावून मी देतो."

"ताई, चालेल म्हणावं. पण दाट पाहिजे."

आई उखडली. "मी काय पोस्टमन आहे का रे? समोरासमोर बसलाय, गुडघ्याला गुडघा लागतोय! बोला की एकमेकांशी!"

दोघांनी गुडघे मागे घेतले.

तेव्हा मामाने स्वतःच्या अंगणात फक्की टाकली. पुढच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, मधलं घर सोडून, एक सरळ रेघ. गिऱ्हाइकाला सांगतो तेच स्वतःला सांगितलं, आठवडाभर थांबायचं. दुसऱ्या दिवशी मागे गेला तर रेघ एका जागी पुसलेली. दोन मागच्या दारांच्या बरोबर मधे, जिथून इकडे आलं की समोर आजीची झाडं. त्याने तेवढी रेघ पुन्हा मारली. सकाळी पुन्हा पुसलेली. पुन्हा मारली, पुन्हा पुसली.

तो आत येऊन मामीला म्हणाला, "येतोय तो."

"कोण?"

"छोट्या. मी उठायच्या आत येऊन जातोय. आईची झाडं बघायला."

"तो? आणि लवकर उठून?" मामी म्हणाली. "लग्नाच्या दिवशी तरी उठला होता का?"

पण मामाचं ठरलं होतं. तो माझ्या आईकडे आला तेव्हा त्याचा चेहरा बघून वाटलं, कुणीतरी हरवलेलं सापडलं. "बोलत नाही तर नाही बोलत, पण पाय येतायत गं त्याचे. रोज." आई म्हणाली, "मग एकदा मागे जाऊन उभा राहा की! भेट होईल." मामाने मान हलवली. "तसं करायचं नसतं. बिथरेल. वाट करून ठेवतो मी. हवं तेव्हा येईल."

त्याला तेवढंच हवं होतं. छोट्याने क्षमा मागावी, रडावं, असलं काही नाही. एकदा पलीकडून चालत यावं आणि खुर्ची ओढून बसावं.

मग कुंपणासाठी कामिनीची रोपं आली. मामा आपल्या बाजूला उभा राहून सांगत होता आणि माळी लावत होता. पुसलेल्या जागी मामाने रोपं लावूच दिली नाहीत. तिथे फट ठेवली आणि फटीतून इकडून तिकडे पाय ठेवायला दगडी लाद्या टाकल्या. गिऱ्हाइकांकडे तो लाद्या टाकण्याआधी माणसाला ओल्या मातीवरून चालायला लावतो आणि दोन पावलांतलं अंतर मोजतो. इथे मोजलं नाही. माळी म्हणाला, "फार लांब होतायत हो बागवाले."

"होऊ देत. ज्याच्यासाठी आहेत त्याला बरोबर होतील. त्या ढांगांच्या मागे पळून पळून शाळेत गेलोय मी."

संध्याकाळी धाकटा कामावरून आला, कुंपण बघत मागेपर्यंत गेला, फटीपाशी थांबला आणि काही न बोलता घरात गेला. मामाने लगेच आईला फोन लावला. "बुजव म्हणाला नाही! अगं, काहीच म्हणाला नाही!"

आई म्हणाली, "तो तुला तसंही काहीच म्हणत नाही, दादा."

कामिनी गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी. मामाने आपली खुर्ची पुढच्या व्हरांड्यातून मागे नेली, दुसरीही नेली. दुसरीवर आम्ही गेलो की बसायचो, आणि मामा "बस, बस" म्हणायचा, पण जरा वेळाने "तू त्या पायरीवर बसतेस का?" असंही म्हणायचा. लाद्यांवर पावलं उमटत नाहीत. कुणी येऊन गेलं का, हे आता कळायला मार्ग नव्हता. मामाने तेही मनाशी पक्कं केलं होतं. "येत असेल. सकाळचा."

त्या रविवारी आई आणि मी मामाकडे मागच्या अंगणात बसलो होतो. पलीकडे धाकटा पाइप धरून आपली स्कूटर धूत होता. कुंपणावरून त्याचं डोकं आणि खांदे दिसत होते. तेवढ्यात पलीकडच्या मागच्या दारातून कामाच्या मावशी निघाल्या. दोन्ही घरची धुणीभांडी त्याच करतात. हातात त्यांची पिशवी. त्या फटीपाशी आल्या, पदर खोचला, आणि टुण्णकन एका लादीवरून दुसरीवर उडी मारली. मग तिसरीवर. शेवटच्या लादीवर जरा डगमगल्या.

"दादा, एक बोलू का? रागवू नका हं." मावशींचा आवाज असा की तीन घरं पलीकडे जावा. "या लाद्या कुणाच्या मापाच्या टाकल्यात हो? वाट ठेवलीत हे लाख केलंत, नाहीतर पार फाटकाला वळसा पडला असता रोजचा. पण मी काय हरीण आहे का? वयाला शोभतं का हे उड्या मारणं?"

आई हसायला लागली. मामा हसला नाही.

"मावशी, तुम्ही रोज इथून येता?"

"मग काय उडत येणार? तुम्ही कामावर गेलात की तिकडचं आटोपून इकडे. रविवारची सुट्टी असते, आज तेवढी आले. पहिल्यापासून! तुम्ही तो चुना टाकला होता ना, तेव्हा तर चपला पांढऱ्याफेक व्हायच्या माझ्या. धाकट्या वहिनी ओरडायच्या, पायपुसणं खराब करता म्हणून. आणि पुसला की तुम्ही परत टाकायचात! मी म्हटलं, असेल काही बागेचं औषध."

आईचं हसू मधेच विरलं. मामी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "लोकांच्या घरी रेघा मारायच्या आधी विचारता, कामाला कोण येतं, कुठून येतं."



पलीकडे पाइपचं पाणी स्कूटरवर न पडता नुसतं जमिनीवर पडत होतं. धाकटा मामा फटीपाशी आला. त्याने लाद्या बघितल्या. इकडची, मधली, तिकडची. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग पुन्हा लाद्यांकडे. इतका वेळ बघितलं की त्याला कळलंय, हे आम्हाला सगळ्यांना कळलं.

"दादा," तो म्हणाला.

आईच्या मार्फत नाही. सरळ. मामा खुर्चीतून उठला.

"जवळ घे त्या. मावशी पडतील एखाद्या दिवशी."

एवढं बोलून त्याने नळ बंद केला आणि अर्धी धुतलेली स्कूटर तशीच ठेवून आत गेला. दार लावल्याचा आवाज आला, जोरात नाही, रोज लागतं तसाच.

आई म्हणाली, "मी जाऊन बोलते त्याच्याशी."

"नको," मामा म्हणाला. "बोलला ना तो."

त्याने पहार आणली. मामी म्हणाली, उद्या माळी येईल, त्याला सांगा. तो ऐकेना. लाद्या उचकटल्या तेव्हा खाली गवत पिवळं पडलेलं होतं आणि गांडुळं होती. मावशींना त्याने मातीवरून चालायला लावलं, त्या लाजत लाजत चालल्या, आणि त्यांच्या पावलांवर त्याने लाद्या एकेक करून बसवल्या. जवळजवळ घेतल्या तशी वाट तोकडी पडली. पलीकडच्या टोकाला आणखी एका लादीची जागा उरली. मामाने भिंतीला टेकवून ठेवलेली एक जुनी लादी उचलली, फटीपर्यंत आणली आणि तिथे थांबला.

"मावशी, तेवढी एक तिकडे तुम्ही ठेवता का?"

"अहो, एक पाऊल तर आहे. तुम्हीच ठेवा की."

"ठेवा हो तुम्ही."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि लादी घेतली. पलीकडे जाऊन, वाकून त्यांनी ती मातीत टेकवली. जरा तिरकीच बसली. मामा आपल्या बाजूला उकिडवा बसून, एक डोळा मिटून बघत होता.

"थोडी डावीकडे," तो म्हणाला. "हां. आता दाबा."