आईच्या तोलाची परीक्षा

आई गेली.
पार्किन्सननं नाही. पडून.

लातूरच्या क्लासेसमध्ये बायोलॉजी शिकवायची. पोरं नुसतं "मॅडम" म्हणायची.
भूकंपात गावाकडचं घर गेलं, तेव्हा मला कडेवर घेऊन लातूरला आली आणि घरीच ट्यूशन सुरू केली. पुढं गल्लोगल्ली कोचिंग झालं, तरी तिच्या बॅचला पोरं दाटीवाटीनं बसायची.

मग हात थरथरायला लागला. गोळ्यांनी तो थांबला, पण फळ्याकडं वळताना तोल जायला लागला.

नांदेडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तिचाच विद्यार्थी, मूळचा देगलूरचा.

"मॅडम, मी मागून खांदे ओढणार. तुम्ही पाय मागं टाकून सावरायचं. मी हायच मागं."

त्यानं अगदी हळू ओढलं.

"असली कसली टेस्ट? नीट ओढ की."

मग त्यानं झटक्यात ओढलं.
आईचा पाय हललाच नाही. ती ताठच्या ताठ मागं गेली. त्यानं झेललं, आणि तिला धरून तसाच उभा राहिला.

"पास का रे?"

"न्हाई मॅडम." तिला खुर्चीत बसवत म्हणाला, "धरायला कुणी नसलं तर पडाल. एकट्या राहू नका. बाथरूममध्ये सुद्धा."

लातूरला परत आलो.

बसून शिकवते म्हणाली, तर क्लासवाल्यांनी बॅच दुसऱ्याला दिली. तेही तिनं सोसलं.
बाथरूमचं मात्र ऐकलं नाही.

"आई, कडी लावू नको."
"मी काय लेकरू हाय का?"

रोजचं भांडण. शेवटी मी कडीच काढून टाकली.
तर ती आतून दाराला भरलेली बादली लावायला लागली.

गेल्या महिन्यात आवाज आला. मी दार ढकललं, बादली सरकेना. कसाबसा आत डोकावलो. आई फरशीवर पडलेली. खुब्याचं हाड मोडलेलं.

म्हणाली, "थांब, आत येऊ नको. आधी साडी नीट करू दे."

मी थांबलो.

ऑपरेशन झालं. मग छातीत कफ भरला. आज सकाळी संपलं.

लई राग येतोय तुझा, आई.
आणि तुझं चुकलं, असंही म्हणवत नाही.

तुझ्या सगळ्या पोरांकडून शेवटचा नमस्कार.
सावकाश जा.