विंगरने नाकारलेला अर्ज

समोरचे दोन दात काढून रुमालात गुंडाळल्याशिवाय आमचा विंगर मोदकाला हात लावत नसे. खरे दात बर्फावरच्या हॉकीत गेले होते, आणि हा खोट्या दातांचा सोहळा पाहण्यासाठी परदेशातल्या आमच्या सँट्री वस्तीतील समस्त मराठी भगिनीवर्ग त्याच्याभोवती जमत असे. माझ्याही दाढा पडल्या आहेत. त्यांची चौकशी आजवर कोणी केलेली नाही.

तो शेजारच्या डॉक्टरबाईंचा भाचा. नागपूरच्या आईवडिलांच्या पोटी कॅनडात जन्मलेला, आणि खेळण्याचा पगार घेणारा. सरहद्दीपलीकडे, उत्तरेकडील एका संघात तो डाव्या बगलेवर खेळे. मावशीकडे राहून गाडीने जाई-येई. बगलेवरच्या खेळाडूला विंगर म्हणतात, हे मला सौ.नी समजावून सांगितले. माझ्या व्यवसायाविषयी त्यांनी लग्नापासून एकही प्रश्न विचारलेला नाही.

माझा व्यवसाय अर्जलेखनाचा. शिक्षण दहावीपर्यंत, परंतु व्हिसा, मुदतवाढ, घरमालकाविरुद्धची तक्रार, अशा कामी येथील भल्याभल्या इंजिनिअरांची नावे माझ्या लेखणीखालून गेली आहेत. गणेशोत्सवाच्या हॉलसाठी परवानगीचा अर्जही दरवर्षी मीच लिहितो. तथापि आरतीचे ताट गेले विंगरच्या हाती. त्याला आरती येत नव्हती. तो नुसते ओठ हलवत होता, आणि लोक गणपतीकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहत होते.

सौ.च्या आग्रहाखातर एकदा सामन्यास गेलो. चकती कोपऱ्यात अडकली की विंगरने तेथे घुसायचे, दोन दांडग्यांनी त्याला मैदानाच्या कडेच्या फळीवर चेपायचे, आणि त्याने कशीबशी ती मधल्या खेळाडूकडे ढकलायची. गोल मधल्याचा, जयजयकारही मधल्याचा. परतताना मी विचारले की यात तुझे काय? तो म्हणाला, "काका, कोपऱ्यात कोणाला तरी जावंच लागते ना. इट्स ग्रँड." अशा माणसाचा हेवा करणे सोपे नसते. मी नेटाने केला.

मग त्याचा गुडघा गेला. वय तिशीपुढे, करार संपत आलेला. पुढच्या हंगामात त्याला ठेवायचे की नाही, हे संघाचे मालक ठरवणार होते. डॉक्टरबाईंनी त्याला माझ्याकडे धाडले. शेवटी माझ्या दारी आला, याचे मला समाधान वाटले. मी माझ्या पद्धतीचा उत्तम अर्ज सिद्ध केला: अर्जदार परमुलखात एकाकी, जायबंदी, निराधार, आपणच मायबाप. दयेवाचून शिक्का पडत नाही, हा माझा आयुष्याचा अनुभव आहे. इंग्रजी मजकुराचा एकेक शब्द मी त्याला मराठीत उलगडून सांगितला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही मला बिचारा करून राहिले."

"बिचारा झाल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही."

"मग नको होऊ द्या."

अर्ज टेबलावर ठेवून तो उठला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मालकांपुढे उभा राहिला. गुडघा अर्धाच उरलाय, पण कोपऱ्यात अजूनही पहिला मीच जाईन, एवढेच बोलला, असे डॉक्टरबाई सांगतात. मालकांनी त्याला ठेवले नाही.

मला वाटले होते, बरे वाटेल. निरोपाला मंडळी रडवेल्या चेहऱ्याने आली, परंतु त्याची कीव कोणालाच करता येईना. उलट तोच सर्वांना हसवत होता. माझ्या अर्जांवर या देशात राहिलेले कित्येक लोक मला दुकानात पाहून नजर चुकवतात. हा नकार घेऊन निघाला होता, लंगडत होता, आणि सर्वांशी हात मिळवत प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहत होता. इतका हेवा मला त्याचा पूर्वी कधी वाटला नव्हता.

पुढे पोलंडमधील एका लहानशा संघाने त्याला घेतले. सौ. फोनवर त्याचे सामने पाहतात. तो कोपऱ्यात घुसतो, फळी दणाणते, तो आडवा होतो, आणि मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

"अहो, उठला हो," सौ. सांगतात.

मी विचारलेले नसते.