पाच महिने जमिनीवर

दाजींना परदेशात हेलिकॉप्टर मिळालं, अशी बातमी मेहुण्याने चार घरांत केली; जणू ते आणून दारात उभंच करायचं होतं. दाजी म्हणजे आपले कॅप्टन. वय अठ्ठेचाळीस, चार हजार तासांचं उड्डाण, गुडघे जरा कुरकुरणारे, नजर मात्र घारीची. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांना नेऊन सोडायचं काम. सहा आठवडे नोकरी, सहा आठवडे घर.

करार एकोणतीस पानांचा. कॅप्टननी पहिली चार वाचली आणि थेट सहीचं पान उघडलं.

"अहो, मधलं?" बायकोने विचारलं.

"मधलं सगळीकडे सारखंच असतं."

उड्डाणाआधीची तपासयादी तोंडपाठ असूनही रोज शब्दन् शब्द वाचणारा हा माणूस!

तिथे पोहोचताच व्यवस्थापकाने दोन्ही हातांनी हात हातात घेतला आणि त्याच हातांनी पासपोर्ट ठेवून घेतला. "परवान्यावर इथल्या खात्याचा शिक्का लागतो. आठ-दहा दिवसांचं काम."

आठ-दहा दिवसांचे दोन महिने झाले. कॅप्टन रोज इस्त्रीचा गणवेश चढवून हँगरशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसत. वारा किती, ढग किती उंचीवर, हे फळ्यावरचे आकडे ते मन लावून वाचत आणि दुसऱ्यांची हेलिकॉप्टरं उडताना बघत. सुटी मागितली, तेव्हा कळलं की सहा आठवडे पहिल्या उड्डाणापासून मोजतात. सतराव्या पानावर होतं म्हणे.

म्हातारा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, यंत्र बिघडलं तर मी आहे. कागद बिघडला तर देवही हात टेकतो."

घरून रोज फोन. "आज किती फेऱ्या?" पहिल्या दिवशी तोंडातून "दोन" निघून गेलं. मग माघार कशी घेणार? फेऱ्या वाढत गेल्या. एकदा तर कॅप्टननी पत्र्याच्या खोलीत बसल्याबसल्या भर वादळात हेलिकॉप्टर उतरवलं. मेहुण्याने त्या वादळात पदरचा वारा भरला.

ब्याण्णवाव्या दिवशी व्यवस्थापक कागद नाचवत आला. शिक्का मिळाला! कॅप्टननी हेडफोन उचलले.

"फक्त एक बारीकशी गोष्ट," तो म्हणाला. "नव्वद दिवस उड्डाण नसेल, तर प्रवासी नेता येत नाहीत."

"अहो, शिक्का नव्हता म्हणून उड्डाण नव्हतं!"

"तेच ना. आता परीक्षक तुमची चाचणी घेईल."

"कधी?"

"त्याचा शिक्का आला की."

मेकॅनिक हसताहसता खालीच बसला. कॅप्टन आधीच बसले होते.

पाचव्या महिन्यात एकदाची चाचणी झाली आणि कॅप्टन समुद्रावर गेले. खाली निळं पाणी, पाठीमागे आठ कामगार. उगाचच डोळे भरून आले. संध्याकाळी फोन लावला, तर बायको म्हणाली, "आज खरंच उडालात वाटतं."

"म्हणजे?"

"उडून आलात की तुमचा आवाज बसलेला असतो. पाच महिने खणखणीत होता."

कॅप्टननी घसा खाकरून बघितला. तीच म्हणाली, "असू द्या. जेवलात का?"

तीन आठवडे सुखाचे गेले. मग एका सकाळी तेल कंपनीचे बडे साहेब आले. हेलिकॉप्टर भरलेलं होतं, तरी व्यवस्थापकाने दोन पेट्या आणखी चढवल्या. काट्यावर वजन मर्यादेच्या नव्वद किलो वर गेलं.

"वजनाचा तक्ता तुम्हीच भरता ना?" व्यवस्थापक कानाशी लागला. "भरा की मग."

"पेट्या उतरवा, नाहीतर मी उतरतो."

"सगळेच नेतात."

"मग सगळ्यांना बोलवा."

बड्या साहेबांनी गडबड ऐकली, कारण विचारलं आणि ते ताडकन स्वतःच खाली उतरले. म्हणाले, "पेट्यांबरोबर मीही बोटीने जातो." जाताना त्यांनी कॅप्टनचे आभार मानले.

दुपारी नोकरी संपल्याचं पत्र आलं. कारण: ग्राहकाला घाबरवलं. त्यासाठी कुठलाही शिक्का लागला नाही, आणि पासपोर्टही पाच मिनिटांत सापडला.

मेकॅनिक विमानतळावर सोडायला आला. "वाईट वाटतंय?"

"वाटतंय," कॅप्टन म्हणाले. "उडायला मजा येत होती हो."

आता ते मायदेशात उच्चदाबाच्या विजेच्या तारा वरून तपासतात. पगार निम्मा, प्रवासी शून्य. मेहुणा ही नोकरी कोणाला सांगत नाही.